डॉ. वि. ना. शिरोडकर: बंद गर्भनलिका उघडू पाहणारे सर्जन

पिशवीच्या तोंडाला टाका घातला, मग नऊ महिने नीट गेले. असं सांगणारी एखादी बाई तुमच्या नात्यात, नाहीतर शेजारी नक्की असेल. आमच्या पुसेगाव भागात या टाक्याबद्दल जाऊबाई, मावशी, आशाताई सगळ्यांना ठाऊक असतं. टाका ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात. त्यांनी आयुष्याचा बराच काळ गर्भनलिकांच्या, म्हणजे ट्यूबच्या शस्त्रक्रियेवर घालवला, हे तर आणखी कमी लोकांना माहीत आहे.

तुमच्या हातातल्या एचएसजीच्या रिपोर्टवर एक किंवा दोन्ही ट्यूब ब्लॉक असं लिहिलं असेल, तर या माणसाचं आयुष्य जाणून घ्या. बंद नळी उघडता येते का, उघडली की मूल होतं का, हे तुमचे प्रश्न त्यांच्याही समोर होते. त्यांच्या पिढीला मिळालेलं उत्तर आजही बऱ्याच अंशी लागू आहे.

शिरोडकरांचा जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोडा गावचा. कामाक्षी देवीचं शिरोडं ते हेच. वि. स. खांडेकर ज्या शिरोड्याला शिक्षक होते ते वेगळं, वेंगुर्ल्याजवळचं. दोन्हींत लोकांची गल्लत होते म्हणून सांगितलं. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. सुरुवातीचं शिक्षण हुबळीला, मग पुण्याला आणि डॉक्टरकीसाठी मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज, असा त्यांचा प्रवास झाला. १९२३ मध्ये ते एमबीबीएस झाले आणि १९२७ मध्ये प्रसूती व स्त्रीरोग विषयात एमडी. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये त्यांनी एफआरसीएस मिळवली. परत आल्यावर जे.जे. समूहाच्या रुग्णालयांत काम आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापकी, हेच त्यांचं कार्यक्षेत्र झालं.

एफआरसीएस ही शल्यचिकित्सेची पदवी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ त्या काळीही ऑपरेशन करत, पण शिरोडकरांचा मूळ पिंडच सर्जनचा होता. पोटातला एखादा अवयव बिघडला की काढून टाकण्यापेक्षा तो दुरुस्त करून जागेवर कसा ठेवता येईल, इकडे त्यांचं लक्ष असे. अंग बाहेर येण्याच्या त्रासावर, पिशवी न काढता ती वर उचलून धरणारी त्यांची शस्त्रक्रिया आजही पुस्तकांत त्यांच्याच नावाने शिकवली जाते. तरुण बाईची पिशवी राखायची, तिला पुढे मूल हवं असेल तर ती वाट बंद करायची नाही, हा त्यामागचा विचार. आजही किरकोळ कारणासाठी तिशीतल्या बाईची पिशवी काढायचा सल्ला दिला जातो तेव्हा मला हे आठवतं. असो, तो वेगळा विषय.

नळी म्हणजे नुसता पाइप नव्हे

त्यांचं ट्यूबचं काम समजून घेण्याआधी ही नळी कशी असते ते बघू. सोळाव्या शतकात गाब्रिएले फालोप्पिओ या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने तिचं नीट वर्णन केलं, म्हणून इंग्रजीत ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर. पिशवीत शिरते तिथे आतली वाट एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. दुसरं टोक मात्र रुंद आणि झालरीसारखं, अंडाशयाशेजारी मोकळं. बीज बाहेर पडलं की ही झालर त्याला आत ओढून घेते. नळीच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, ते सतत हलत राहून बीजाला पुढे सरकवतात. पुरुषबीज आणि स्त्रीबीज यांचं मीलन नळीतच होतं आणि तयार झालेला गर्भ काही दिवसांनी पिशवीत उतरतो.

म्हणजे नळी फक्त मोकळी असून भागत नाही. झालर मऊ हवी, अस्तर जिवंत हवं, नळी आजूबाजूला चिकटलेली नको. शेतातली पाइपलाइन तुंबली की आपण दाब देऊन मोकळी करतो आणि पाणी सुरू होतं. ट्यूबचं तसं नाही. हा फरक मनात ठेवा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

शिरोडकर जे.जे.मध्ये काम करू लागले तेव्हा पेनिसिलिन हाताशी नव्हतं, ते दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र मिळू लागलं. घरी, अस्वच्छ हातांनी झालेली बाळंतपणं, चोरून केलेले गर्भपात, नवऱ्याकडून आलेला परमा, फुटलेलं अपेंडिक्स, यातल्या कशानेही ओटीपोटात पू होई. बाई वाचली तरी नळ्या आतून चिकटून जात. त्यात भर क्षयरोगाची. टीबी फुप्फुसातून रक्तावाटे नळीत जाऊन बसतो आणि तिथे बरीच वर्षं गुपचूप राहू शकतो. ना खोकला, ना ताप. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केली तेव्हाच तो कळतो. आपल्या देशात ट्यूब बंद असलेल्या बाईच्या बाबतीत डॉक्टर आजही टीबीचा विचार करतात तो यामुळे. तुमच्या डॉक्टरांनी टीबीची तपासणी सांगितली तर दचकू नका. सासरच्यांपासून लपवावं असंही त्यात काही नाही.

नळ्या बंद आहेत हे बाहेरून ओळखायची सोय विसाव्या शतकातलीच. न्यूयॉर्कच्या आयसिडोर रुबिन यांनी १९१९-२० च्या सुमारास पिशवीत वायू सोडून तो नळ्यांतून पोटात उतरतो का, हे पाहण्याची पद्धत काढली. एक्स-रेवर दिसणारं औषध पिशवीत सोडून फोटो काढण्याची पद्धतही त्याच काळात रुळली. तुमची एचएसजी म्हणजे तिचंच आजचं रूप. पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती करतात. थोडा वेळ पाळीसारखी कळ येते. आयोडीनची किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

एचएसजीबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक जोडप्याला सांगतो. पिशवीजवळच नळी बंद दिसली, तर ती खरोखर बंद असेलच असं नाही. कळ आल्यामुळे नळीचं तोंड आवळलं जातं, किंवा आत चिकट स्रावाचा गोळा अडकतो, आणि फोटोत ब्लॉक दिसतो. पुन्हा तपासल्यावर, किंवा दुर्बिणीतून निळं औषध सोडून पाहिल्यावर तीच नळी मोकळी निघू शकते. एका फोटोवरून दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू करणारी घरं मी पाहिली आहेत. फोटो हा निकाल नाही, तपासाची सुरुवात आहे.

उघडलेली नळी आणि चालणारी नळी

शिरोडकरांच्या काळात टेस्ट ट्यूब बेबीची सोय नव्हती. दोन्ही नळ्या बंद असलेल्या बाईपुढे दोनच वाटा होत्या. एक तर मूल दत्तक घ्यायचं किंवा मुलाविना राहायचं, नाहीतर पोट उघडून नळी दुरुस्त करून बघायची. ही दुरुस्ती म्हणजे ट्यूबोप्लास्टी. ती करणाऱ्या भारतातल्या आघाडीच्या सर्जनांमध्ये शिरोडकर होते. ऑपरेशनचा प्रकार अडथळा कुठे आहे त्यावर ठरे. नळी आजूबाजूला चिकटली असेल तर ती सोडवायची. झालरीकडचं टोक बंद झालं असेल तर तिथे नवं तोंड करायचं आणि सदऱ्याची बाही दुमडावी तसं ते बाहेर उलटवून शिवायचं, म्हणजे पुन्हा चिकटणार नाही. मधला भाग खराब असेल तर तो कापून दोन टोकं जोडायची. पिशवीजवळ बंद असेल तर नळीचा चांगला भाग पिशवीत नव्याने बसवायचा. जोडलेली जागा मोकळी राहावी म्हणून त्या काळी जगभर पॉलिथिनच्या बारीक नळ्या आत ठेवून पाहिल्या गेल्या. ऑपरेशनसाठी सूक्ष्मदर्शक वापरण्याची पद्धत स्त्रीरोगात अजून रुळायची होती. दोऱ्याएवढ्या पोकळीवर हे सगळं हाताने करायचं, म्हणजे किती नाजूक काम असेल याचा अंदाज करा.

आणि तरीही पुष्कळ बायकांना दिवस राहिले नाहीत. ऑपरेशननंतर वायू किंवा रंग नळीतून आरपार जाई, फोटो छान येई, पण गर्भ राहत नसे. जगभरच्या सर्जनांचा हाच अनुभव होता. नळीचं बंद तोंड उघडण्याच्या शस्त्रक्रियेचं यश नेमकं कशावर ठरतं, या प्रश्नावर शिरोडकरांनी १९६६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख लिहिला. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. चाळीसेक वर्षं हे काम केलेला सर्जन यशाची जंत्री न देता यश कशावर अवलंबून आहे हे तपासत बसतो, ही मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. टाक्याहूनही मोठी.

आज आपल्याला ठाऊक असलेलं उत्तर असं: आतलं अस्तर आणि झालर किती शाबूत आहे यावर बरंच ठरतं. नळी पाण्याने फुगून सॉसेजसारखी झाली असेल, भिंती जाड आणि ताठ असतील, तर तोंड उघडून फारसा उपयोग होत नाही. टीबीने खराब झालेल्या नळीवर दुरुस्तीचं ऑपरेशन सहसा करूच नये. तिथे आधी टीबीची औषधं पूर्ण घ्यायची. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात आणि साध्या टीबीत सहसा सहा महिन्यांचा कोर्स असतो. मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायची नाहीत. औषधाने जंतू मरतात, झालेली खराबी मात्र भरून येईलच असं नाही.

शिरोडकरांना जगभर नाव मिळालं ते मात्र दुसऱ्या कामामुळे. काही बायकांना दिवस राहत, पण चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशा कळा न येताच गर्भ पडे, आणि हे पुन्हा पुन्हा होई. पिशवीचं तोंड सैल असणं हे यामागचं एक कारण होतं. १९५५ मध्ये त्यांनी गरोदरपणातच त्या तोंडाभोवती आतून पट्टी बांधण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पट्टी बाईच्याच मांडीच्या स्नायूवरच्या पांढऱ्या मजबूत आवरणातून काढलेली असे. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या इयन मॅकडोनल्ड यांनी टाक्याची सोपी पद्धत सांगितली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. आपल्याकडे नाव मात्र शिरोडकरांचंच तोंडात बसलं आहे.

मूल व्हावं म्हणून धडपडणारा हाच माणूस कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही होता. १९४९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडियाच्या सुरुवातीच्या मंडळींत त्यांचं नाव येतं. कुणाला हे परस्परविरोधी वाटेल, मला वाटत नाही. मूल केव्हा हवं आणि केव्हा नको हे बाईला ठरवता यावं, याच्याच या दोन बाजू आहेत.

आमच्या भागात या दोन बाजू एकाच बाईच्या वाट्याला येतात तेव्हा फार जड जातं. दोन मुलांनंतर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ऑपरेशन केलं, आणि पुढे अपघाताने किंवा आजाराने मूल गेलं. अशा बाईसाठी बांधलेली नळी पुन्हा जोडण्याचं ऑपरेशन असतं. ट्यूबच्या दुरुस्तीत सर्वांत चांगलं यश इथेच मिळतं. कारण साधं आहे, नळी आजारी नसते, फक्त तोडलेली किंवा बांधलेली असते. वय पस्तिशीच्या आत असेल, क्लिप किंवा रिंग लावलेली असेल, नळी चार सेंटिमीटरपेक्षा जास्त उरली असेल, तर आशा चांगली. म्हणून पहिल्या ऑपरेशनचा कागद जपून ठेवा. कुठल्या पद्धतीने केलं हे त्यावर लिहिलेलं असतं.

त्यांच्यानंतर काय बदललं

१९६० मध्ये शिरोडकरांना पद्मभूषण मिळालं आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्याच वर्षी ७ मार्चला ते गेले. पुढच्या सात वर्षांत त्यांचा प्रश्न निराळ्याच वाटेने सुटला. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून भारतातलं पहिलं. दोन्ही बाळांच्या आयांच्या नळ्या बंद होत्या. नळी उघडत बसण्याऐवजी तिला वळसाच घातला गेला. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हे यश महाराष्ट्रात आलं.

मग शिरोडकरांची वाट संपली का? नाही, अरुंद झाली. पिशवीजवळचा अडथळा असेल तर आज पोट न उघडता, पिशवीत दुर्बीण घालून बारीक तारेने नळी मोकळी करता येते. झालर थोडीशीच चिकटली असेल, बाई तरुण असेल, नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट चांगला असेल, तर दुर्बिणीचं ऑपरेशन करून काही महिने नैसर्गिकरीत्या वाट पाहणं रास्त आहे. वय पस्तिशीपुढे गेलं असेल, दोन्ही नळ्या खूप खराब असतील किंवा नवऱ्याच्या रिपोर्टमध्येही दोष असेल, तर ऑपरेशनमध्ये वर्ष घालवण्यापेक्षा आयव्हीएफचा विचार लवकर करावा.

पाण्याने फुगलेल्या नळीचं आणखी एक सांगायला हवं, कारण इथे बायका फार घाबरतात. आयव्हीएफ करण्याआधी डॉक्टर अशी नळी काढायला किंवा पिशवीजवळ बंद करायला सांगतात. मूल हवं म्हणून आलो आणि नळीच काढताय, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या नळीतलं खराब पाणी पिशवीत झिरपतं आणि सोडलेला गर्भ रुजू देत नाही. अशा नळ्या तशाच ठेवल्या तर आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर येतं. सल्ला योग्य आहे.

नळ्यांवर कुठलाही उपचार झाला असेल तर पुढची सूचना घरातल्या सगळ्यांनी वाचा. दिवस राहिले की आनंद होतो, पण गर्भ पिशवीत न उतरता नळीतच अडकण्याचा धोका तुमच्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त असतो. पाळी चुकली की लगेच तपासणी, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना हे बघून घ्या. पाळी चुकल्यावर पोटात एका बाजूला दुखलं, अंगावरून थोडं रक्त गेलं, चक्कर आली, खांद्यात दुखू लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि थेट हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय गाठा. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो.

तज्ज्ञांकडे, मग ते हिंगोलीला असोत, नांदेडला की संभाजीनगरला, जाताना दोघांनी जा. नवऱ्याची वीर्य तपासणी बाईच्या एचएसजीच्या आधी व्हायला हवी. ती स्वस्त आहे आणि तिला इंजेक्शनही लागत नाही. तरी ती सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही. सोबत एचएसजीची फिल्म घ्या, नुसता लिहिलेला रिपोर्ट नको, कारण नळी कुठे अडली आणि फुगली आहे का हे तज्ज्ञांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. आधी टीबी झाला असेल, अपेंडिक्सचं किंवा दुसरं पोटाचं ऑपरेशन झालं असेल, गर्भपात झाला असेल, लग्नाआधीचा असला तरी, डॉक्टरांना एकटीने सांगायची वेळ मागून घ्या आणि सांगा. आणि खर्च विचारा: एका प्रयत्नाचा किती, औषधांसह किती, पहिला प्रयत्न फसला तर पुढे काय. रान गहाण ठेवायच्या आधी हे आकडे कागदावर लिहून घ्या.